बोगदा बंद होण्याआधी

हेइशीपिंग
३ मार्च १९९६

लान,

तू नव्या वर्षाच्या सणाला आली नाहीस, त्याची शिक्षा म्हणून शियांग मामानं तुझ्या वाटचं धुरावलेलं मांस खाऊन टाकलं. "जी पोरगी वर्षाचा पहिला घास घ्यायला येत नाही, तिच्यासाठी आगटीवर काय टांगून ठेवायचं?" असं म्हणत खाल्लं आणि वर दात कोरत बसला. आपण साऱ्या मुलखाच्या एक दिवस आधी सण करतो आणि तुझ्या साहेबांनी सुट्टी दिली ती हान लोकांच्या दिवसाची, हे मला कळतं. मामाला कळत नाही. "डोंगर पोखरणाऱ्यांना एक दिवस मागं-पुढं करता येत नाही होय?" असं विचारतो. तूच उत्तर दे.

आईचं लिहायचं नव्हतं, पण तुझी वहिनी समोर बसून लिहून घेते आहे. तिचे पाय सुजलेत. बोटानं दाबलं की खड्डा पडतो आणि तो तसाच राहतो, ओल्या मातीत राहावा तसा. माळ्यावर चढताना तीनदा थांबते. रात्री आडवी होत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. विचारलं तर म्हणते, "वय झालं. तुझं नाही होणार का?" चिलीम मात्र सुटलेली नाही.

रोज एकदा विचारते, "लानच्या बोगद्याचं काय झालं?" मी म्हणतो, चाललंय. ती म्हणते, "उंदीर असता तर एव्हाना पलीकडं निघाला असता."

मी खताची पोती आणतोय. ट्रॅक्टरचा मागचा टायर गेला. बाकी सगळे बरे आहेत.

तुझा दादा
दिंगशान


लाओयिंग बोगदा, उत्तर बाजूची छावणी
९ मार्च

दादा,

बोटानं दाबल्यावर खड्डा राहणं आणि बसून झोपावं लागणं, ही वयाची लक्षणं नाहीत. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. हृदयाचा जोर कमी पडला की अंगातलं पाणी पायांत उतरतं आणि आडवं झालं की छातीत चढतं. तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला हवं, आणि लवकर न्यायला हवं.

बोगद्याची वाट पाहू नका. दोन्ही बाजूंनी खोदत आलो आहोत, पण मधला खडक फुटका आहे आणि त्यातून पाणी येतं. कधी होईल ते मी सांगणार नाही. जी तारीख मोजून येत नाही ती मी देत नाही. खिंडीचा रस्ता सध्या उघडा आहे. सहा-सात तास लागतील, तिला त्रास होईल, पण पोचेल. पुढच्या सीटवर बसव, पाय खाली लोंबू देऊ नकोस, चिलीम काढून घे.

मला एप्रिल संपेपर्यंत इथून हलता येणार नाही.

मामांना सांग, मांस खाल्लं ते बरं केलं. सुट्टीबद्दल त्यांचा प्रश्न मी साहेबांना विचारला होता. साहेब हसले.

चिंगलान


हेइशीपिंग
२१ मार्च

लान,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

"किती तास म्हणते?"

"सहा-सात."

"हे जाताना. येताना?"

"येतानाही तेवढेच, आई."

"आणि वाटेत श्वास थांबला तर?"

ती बाबांचं बोलत होती. ते गेले तेव्हा तू वसतिगृहात होतीस, दुसऱ्या दिवशी पोचलीस, त्यामुळे सुरुवात तू पाहिली नाहीस. बाबांना खिंडीखालून वर काढलं तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता. आम्ही त्यांना फळीवर घालून अंगणात आणलं, तर मामा दारात उभा. दोन्ही हात चौकटीला. बाहेर मेलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, हे काय आईला माहीत नव्हतं? पण ती म्हणाली, "हे घर त्यानं बांधलंय." मामा म्हणाला, "माहीत आहे. खांब मीच धरले होते." आणि हलला नाही. म्हणतात ना, आभाळात गडगडाट, जमिनीवर मामा. त्याच्यावर कोण बोलणार? दोन दिवस बाबा अंगणात, निळ्या प्लास्टिकखाली, पावसात. घरात मेलेल्याला मिळतो तो ढोल नाही, नाच नाही. प्लास्टिकवर पाणी साचायचं आणि आई ते झाडूनं लोटायची. तेवढाच आवाज.

आता आई म्हणते, "मला अंगणात निजवणार असाल तर दवाखाना नको. घरात मरायला खिंड ओलांडावी लागत नाही."

मी म्हटलं, "अगं, पण मरायचंच कशाला?"

तर म्हणते, "तुला विचारून मरणार आहे का मी?"

शेवटी तिनं एवढंच कबूल केलं की लानचा बोगदा झाला की नेशील तिथं येईन. बोगद्यातून गेलेल्या माणसाला वेळेत माघारी आणता येतं, असं तिनं मनाशी ठरवलंय. मामा शेजारी बसून मान डोलवत होता.

तू हसशील. तू शिकलेली आहेस. पण इथं येऊन तिच्यासमोर हसून दाखव.

दादा


लाओयिंग बोगदा, उत्तर बाजूची छावणी
१८ मे

दादा,

दहा दिवसांपूर्वी दुपारी बोगदा आरपार झाला. आधी डोक्याएवढं भोक पडलं. त्यातून दक्षिणेकडच्या एका माणसाचा हात आला, बोटांत न पेटवलेली सिगारेट होती. आमच्याकडच्या माणसानं ती पेटवून दिली आणि हात परत गेला. मग सगळे ओरडले. दोन्ही बाजूंच्या मध्यरेषा चार सेंटिमीटरनी चुकल्या. दहापर्यंत चालतं. मला चारही नको होते.

तुझ्या मार्चच्या पत्रावर मी हसले नाही. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण देण्यासारखं उत्तर नव्हतं. आता आहे.

बोगदा लोकांसाठी उघडायला अजून अवकाश आहे. आत अस्तर व्हायचं आहे, तळ कच्चा आहे. पण मी साहेबांची परवानगी घेतली आहे. आजारी माणूस असेल तर छावणीची पिकअप सोडतील. ड्रायव्हर पंग तुमच्याकडे येईल, त्याला मी सांगितलं आहे. मी स्वतः त्या गाडीतून आज गावाखालच्या वळणापर्यंत सगळी वाट करून आले, वर घरी यायला सवड नव्हती. दवाखान्याच्या फाटकापासून आपल्या अंगणापर्यंत अडीच तास. पाऊस असेल तर तीन.

आईला सांग, हे मी मोजून लिहिते आहे. डॉक्टरांनी हात टेकले तरी तिला घरी आणायला वेळ मिळेल. घरी म्हणजे उंबऱ्याच्या आत. हा माझा शब्द आहे.

हे पत्र मामांनाही वाचून दाखव. वाचताना आवाज चढवू नकोस.

२५ तारखेला मला वुहानला पाठवत आहेत. पुढच्या टप्प्याच्या मोजणीची पडताळणी आहे. जुलैच्या सुरुवातीला परत येईन. खाली तिथला पत्ता दिला आहे.

चिंगलान


तालुक्याचा दवाखाना
३ जून

लान,

आणली एकदाची. तुझं पत्र वाचून झाल्यावर आईनं मामाकडं पाहिलं. मामा म्हणाला, "शब्द दिलाय पोरीनं. जा." आई लगेच उठून केस बांधायला लागली. तीन महिने मी घसा कोरडा करत होतो, आणि तुझ्या चार ओळींवर ती केस बांधते!

बोगद्यातली गंमत ऐक. आई पुढं पंगच्या शेजारी, मी मागं मोकळ्या हौद्यात. काच उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. मध्यावर आलो तशी ती म्हणाली, "आता आपल्या डोक्यावर काय आहे रे?"

पंग म्हणाला, "खिंड, काकू."

"खिंडीतलं कुठलं वळण?"

"ते आता... अंदाजे पाइनचं झाड आहे ना, तिथलं."

"म्हणजे माझा नवरा पडला त्याच्या खालून चाललोय आपण."

पंगनं पाय ब्रेकवर ठेवला. तर आई म्हणते, "थांबतोस कशाला? चालव. छान गार आहे इथं." आणि बाहेर पडल्यावर मागं वळून म्हणाली, "एवढंच? मी नीट टेकलेसुद्धा नव्हते. एवढ्यासाठी माझी पोरगी पाच वर्षं लग्नाची राहिली?"

दवाखान्यात सुई लावली, गोळ्या चालू आहेत. पाणी उतरतंय. परवा सकाळी तिनं स्वतःच्या घोट्याचं हाड दाखवलं मला, जुना ओळखीचा माणूस भेटावा तशी. भात खाते. काल संडासामागं चिलीम ओढताना नर्सनं पकडली. नर्स फार बोलली. आईनं शांतपणे विचारलं, "पोरी, तुझं लग्न झालंय का? नाही ना? माझ्या मुलीशी फार पटेल तुझं."

डॉक्टर तरुण आहे, खालच्या मुलखातला हान. रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलतो. झडप की कायसं आवळलंय म्हणतो. औषधानं सांभाळता येतं, पण राहायला लागेल.

आता खरी गोष्ट. मामा दोनदा येऊन गेला. काल खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिचं तोंड बघत होता. मग मला बाहेर बोलावलं. म्हणाला, "घेऊन चल."

"मामा, ती सुधारतेय."

"तेच म्हणतोय मी. विझताना दिवा मोठा होतो. तुझी आजी मेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं दोन वाट्या भात खाल्ला होता, आणि वर गाणं म्हटलं होतं."

लान, मी खोलीत आलो की डॉक्टर खरा वाटतो, व्हरांड्यात गेलो की मामा. तू लिही. तुझं पत्र येईपर्यंत मी तिला हलवत नाही. फोनवर बोलायचं म्हणू नकोस. फोनवर तू अधिकाऱ्यासारखी बोलतेस, मला नुसतं हो-हो करायला होतं आणि नंतर काही आठवत नाही.

दादा


वुहान
८ जून

दादा,

मी आज डॉक्टरांशी फोनवर बोलले. तुला बोलावू नका असं त्यांना सांगितलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते.

आईचं पाणी उतरतं आहे. नाडी सुधारते आहे. औषध किती द्यायचं ते नीट बसायला आणखी तीन आठवडे ती दवाखान्यात राहायला हवी. त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी घरी जाईल, आणि गोळ्या घेत राहिली तर काही वर्षं नीट जातील. मधेच नेलं तर पाणी पुन्हा छातीत चढेल आणि मग ते उतरवणं कठीण होईल. मी त्यांना दिव्याबद्दलही विचारलं. ते म्हणाले, हा दिवा विझत नाही आहे, त्यात तेल पडतं आहे.

तेव्हा तिला तिथंच ठेव. मामांना हे माझ्या नावानं सांग.

दुसरी गोष्ट. १५ जूनपासून २ जुलैपर्यंत बोगदा पूर्ण बंद राहील. तळाचं काँक्रीट सगळ्या रुंदीत ओतायचं आहे आणि ते घट्ट व्हायला हवं. त्या दिवसांत कुठलंही वाहन जाणार नाही, आजाऱ्याचंही नाही. पायीसुद्धा सोडणार नाहीत. खिंडीत दरड आली आहे असं छावणीतून कळलं, म्हणजे ती वाटही धरू नका. तुला ऐन वेळी कळू नये म्हणून आधी लिहिते आहे. या दिवसांत तिला हलवायचा विचारच नको. तिचे तीन आठवडे संपतील तेव्हाच बोगदा उघडेल. दोन्ही वेळा जुळतात. मी वुहानहून थेट दवाखान्यात येईन आणि तिला घेऊन आपण बरोबर घरी जाऊ.

नर्सला माझा नमस्कार सांग.

चिंगलान


हेइशीपिंग
२४ जून

लान,

हे पत्र खालच्या नदीच्या वाटेनं, होडीनं पाठवतोय, म्हणून उशीर होईल. बसून वाच.

आई गेली. १८ तारखेला सकाळी, घरात, आपल्या खाटेवर. तुला तार करायला माणूस पाठवला होता, तो दरडीवरून माघारी आला. होडी मिळेपर्यंत सगळं होऊन गेलं.

नीट सगळं सांगतो. तुझं पत्र मला १३ला मिळालं. मामा तिथंच होता. खाटेशी बसून वाचलं. डॉक्टरचं वाचलं तेव्हा मामा खिडकीबाहेर बघत होता. मग बोगद्याचं आलं तसा वळला.

"थांब. काय बंद?"

"बोगदा. पंधरापासून दोन जुलैपर्यंत."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आणि खिंड?"

"दरड आली आहे म्हणते."

"पुन्हा वाच."

मी म्हटलं, "मामा, ती लिहिते की हलवू नका. डॉक्टर तीन आठवडे म्हणतोय."

मामा म्हणाला, "डॉक्टर म्हणतोय. शब्द त्यानं दिला होता का? शब्द लाननं दिला होता. आणि तीच सांगतेय की तिचा शब्द चौदापर्यंतच आहे."

आम्हाला वाटलं आई झोपलीय. ती डोळे मिटूनच म्हणाली, "म्हणजे उद्या निघायला हवं." मी म्हटलं, आई, तू बरी होतेयस. ती म्हणाली, "झाले तर घरी होईन. नाही झाले तर घरी असेन. वेळेत कळवलं बघ पोरीनं. शब्दाची पक्की आहे."

लान, मी तुझं पत्र खिशात घातलं आणि पंगला निरोप धाडला.

डॉक्टर फार ओरडला. मी सही केली. तो फाटकापर्यंत आमच्या गाडीमागं आला, पायांत सपाता, हातात गोळ्यांचं पाकीट. खिडकीतून आईच्या मांडीवर टाकलं. आई म्हणाली, "भला आहे, पण जेवत नाही पोटभर." बोगद्यातून गेलेली ती शेवटची गाडी. आमच्यामागं त्यांनी लोखंडी आडवा दांडा लावला, मी हौद्यातून पाहिला.

घरी चार दिवस होती. चांगले दिवस होते गं. पहिल्या दिवशी अंगणात बसून कोंबड्यांना शिव्या दिल्या. भरडलेल्या सोयाबीनचं कालवण मागून घेतलं, वहिनीला म्हणाली, मीठ कमी आहे. गोळ्यांना हात लावला नाही. "घरी आले, आता त्या कशाला?" मी जास्त बोललो नाही. तिसऱ्या दिवशी श्वास वाजायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी पाणी मागितलं, अर्धं प्यायली, वाटी माझ्या हातात दिली.

मधल्या खोलीत लाकडी पेटीत ठेवली, दाराकडं पाय करून, जसं असायला हवं तसं. झाकण लावण्याआधी मामानं तोंड पाहिलं, माहेरच्या माणसानं पाहायचं असतं तसं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. झाका." ढोल आला. दोन्ही डोंगरांवरची माणसं आली, मक्याची दारू कमी पडली. पेटीपुढं जोडीजोडीनं नाचले सगळे. मामा सत्तर वर्षांचा, नाचातली वाघाची पावलं टाकायला गेला आणि गुडघ्यावर आपटला. पोरं हसली तर ओरडला, "हसताय काय! माझी बहीण घरात मेलीय, मी नाचणार नाही तर कोण नाचेल?" नंतर उंबऱ्यावर बसला आणि चौकटीला हात लावून रडला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

सगळे तुझं नाव घेत होते. "चिंगलाननं डोंगर फोडला म्हणून आई घरात गेली." म्हातारी माणसं मला मुद्दाम बाजूला घेऊन सांगत होती.

आईची रजई दवाखान्यात राहिली. परत येताना आण. आणि तिथं जाशीलच, तर डॉक्टरला विचार की ती तिथं राहिली असती तरी गेलीच असती ना. मामा म्हणतो, दोन दिवससुद्धा काढले नसते. मलाही तसंच वाटतं. तरी विचार.

दादा


लाओयिंग बोगदा, उत्तर बाजूची छावणी
८ जुलै

दादा,

तुझं पत्र मला वुहानमध्ये १ तारखेला मिळालं. हातातलं काम संपवलं आणि निघाले. वाटेत दवाखान्यात गेले होते.

रजई मिळाली. नर्सनं ती धुऊन, घडी घालून, नाव लिहिलेली चिठ्ठी लावून कपाटात ठेवली होती. एका कोपऱ्यात चिलमीच्या ठिणगीचं भोक आहे. नर्स म्हणाली, ते मी शिवणार होते, पण मग तसंच ठेवलं. तिचं लग्न ठरलं आहे. आई तिला रोज नवऱ्याबद्दल विचारायची आणि प्रत्येक उत्तरात खोट काढायची. निघायच्या दिवशी म्हणाली होती, "कर, कर. याहून वाईट मिळू शकतात."

आईच्या खाटेवर आता दुसरी बाई आहे. खाट खिडकीशी आहे हे तू लिहिलं नव्हतंस. तिथून नदीवरचा जुना पूल दिसतो आणि त्यावरून माल घेऊन जाणारी माणसं. नर्स म्हणाली, आई कुणाच्या पाठीवरच्या टोपलीत काय असेल त्याचा अंदाज करायची आणि बहुधा बरोबर निघायचा.

डॉक्टर भेटले. माझ्याच वयाचे आहेत. आम्ही जिन्यात उभं राहून बोललो. त्यांना आई चांगली आठवत होती. तू तिला जिन्यावरून पाठीवर घेऊन उतरलास, मधे थांबून तिच्या पायांवर आपला कोट घातलास, हे त्यांनी सांगितलं. तू भांडला नाहीस हेही सांगितलं.

बोगदा २ जुलैला उघडला. तळ चांगला झाला आहे. अस्तराचं काम पुढं चालू आहे, पण छावणीच्या गाड्या जातात.

आईच्या पस्तिसाव्या दिवसाच्या विधीला मी येईन. वहिनीला काय हवं ते कळव, इथल्या बाजारातून आणते. तुझ्या ट्रॅक्टरचा टायर मिळाला का?

चिंगलान


हेइशीपिंग
१५ जुलै

लान,

रजईवर तू केवढं लिहिलंस. नर्सवर लिहिलंस. खिडकी, पूल, टोपल्या. माझ्या टायरबद्दलही विचारलंस.

मी जे विचारलं होतं ते लिहिलं नाहीस.

तू विसरत नाहीस. लहानपणी शाळेतून आल्यावर तुला विचारलं, जेवलीस का, तर काय काय होतं आणि कशात मीठ जास्त होतं तेही सांगायचीस. मी पत्र दोनदा वाचलं. मग वहिनीच्या हातात दिलं आणि डुकरांच्या खोपटामागं जाऊन बसलो. तिनं जेवायला हाक मारली, मी गेलो नाही.

आता लिहू नकोस. लिहिलंस तर मामा वाचायला लावेल आणि मला डोळ्यांसमोरचं सोडून दुसरं वाचता येत नाही. तो रोज येतो हल्ली. उंबऱ्यावर बसतो, तंबाखू ओढतो. परवा म्हणाला, "तुझ्या बापाचं माझ्यावर होतं. तुझ्या आईनं उतरवलं." आणि तिथंच भिंतीला टेकून झोपला. बाबा गेल्यापासून त्याला दिवसा झोप लागलेली मी पाहिली नव्हती. त्याला हे कळता कामा नये, लान. मी कळू देणार नाही.

तुला वाटेल मी कुणावर तरी रागावलोय. शोधून पाहिलं. डॉक्टरवर नाही. मामावरही नाही, तो त्याला माहीत होतं तसं वागला. तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक मी तीनदा वाचली आणि दुसरी एकदाच. एकदा मनात आलं, तू ते बोगदा बंद व्हायचं लिहिलंच नसतंस तर? मग वाटलं, असं काही लपवणारी तू असतीस तर आई तुझ्या शब्दावर घरातून निघालीच नसती. अंगणापलीकडं गेली नसती. मग ते पंगच्या गाडीतलं तिचं बोलणंही नसतं. इथवर येतो आणि पुढं मला काही सुचत नाही.

खरं एवढंच की तिला जिन्यावरून मी उतरवली. ती हलकी झाली होती. पाणी उतरल्यामुळं हलकी झाली होती, आणि मला वाटलं, संपत आलीय म्हणून.

पस्तिसाव्याला ये. माणसं येतील. सगळे तुला तेच सांगतील, की तू डोंगर फोडलास म्हणून आई घरात गेली. मामा सगळ्यांच्या आधी सांगेल, हात धरून सांगेल. मी इतके दिवस हो म्हणत आलोय. तूही आलीस की हो म्हण.

दादा


छावणी
१८ जुलै

दादा,

२१ला सकाळी पोचते.

मामांपुढं हो म्हणेन. तुझ्यापुढं म्हणणार नाही.

लान